लॉर्डसाहेबांची पेज

“आज किती खाल्लं म्हाताऱ्याने?”

मिसेस प्रिचर्ड दारातून आत यायच्या आधीच हे विचारायच्या. गुड मॉर्निंग नाही, ओली छत्री मिटायची फुरसत नाही.

“अर्धी वाटी,” मी म्हणाले.

“अर्धीच? काल तर पाऊण म्हणाला होतात.”

“काल पोटात कमी दुखत होतं.”

उरलेली पाव वाटी मीच चोरून खाल्ली असावी, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातली पिशवी हॉलमधल्या टेबलावर रिकामी केली. लोकरीचे मोजे, मधाची बाटली, छातीला चोळायचं कसलंसं मलम आणि कुणीतरी हाताने विणलेलं गुलाबी जाकीट.

“ब्रिनदूच्या बायकांनी पाठवलंय,” त्या म्हणाल्या. “रविवारी चॅपेलमध्ये त्यांच्यासाठी पुन्हा प्रार्थना झाली. उभं राहायला जागा नव्हती, सांगा त्यांना.”

मी सांगितलं. लॉर्डसाहेब डोळे मिटून पडले होते. ते न उघडताच म्हणाले, “चाळीस वर्षं हे लोक मी मरावं म्हणून प्रार्थना करत होते. तेव्हा देवाने ऐकलं नाही, आता तरी का ऐकेल?”

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले आणि पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथला कोर्स संपला, पण परतीचं बोटीचं भाडं जमेना, म्हणून एका एजन्सीत नाव घातलं. घरी राहून रोग्याची शुश्रूषा करायला ते आम्हाला पाठवायचे. त्यांनी मला पाठवलं लॉर्ड हॅल्सडेल यांच्याकडे. पार्लमेंटपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं उंच, अरुंद, थंडगार घर होतं. म्हाताऱ्याला पोटाचा कॅन्सर. बायको कधीच वारलेली. एकुलता एक मुलगा ह्यू, चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. घरात बाकी एक स्वयंपाकीण आणि मी.

आता त्या घरातली गोम सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. लॉर्ड जिवंत आहे तोवर त्याचा मुलगा साधा माणूस. तो निवडणूक लढवू शकतो, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बसू शकतो. पण बापाचा श्वास थांबला की त्याच क्षणी मुलगा लॉर्ड. त्याची रवानगी उमरावांच्या सभागृहात आणि कॉमन्समधली जागा खलास. तुला हवंय का, असं त्याला कुणी विचारत नाही. नको म्हणायची सोयच तेव्हा कायद्यात नव्हती. पुढे काही वर्षांनी कायदा बदलला म्हणे, पण तोवर आमच्या घरात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यात आणखी एक. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्ष आणि लेबर म्हणजे मजूर पक्ष असं छापून यायचं. लॉर्डसाहेब जन्माचे हुजूर पक्षाचे आणि मुलगा मजूर पक्षाचा. तोही साधासुधा नव्हे. ब्रिनदू म्हणजे वेल्समधलं खाणींचं गाव. शाळेत आपण ज्या दगडाच्या पाटीवर लिहायचो, त्याच दगडाच्या खाणी. तिकडे तो घरांच्या छपरांना घालतात. ह्यूसाहेब त्या गावचे खासदार आणि खाण त्यांच्याच वडिलांची. दगड कापताना जी धूळ उडते, तिने कामगारांच्या छात्या दगडासारख्या होतात. कोळशाच्या खाणीतल्यांना त्याची भरपाई मिळायची, पाटीच्या खाणीतल्यांना नाही. मिसेस प्रिचर्ड ह्यूसाहेबांच्या तिथल्या कचेरीचं काम बघायच्या. त्यांचा नवरा ओवेन त्याच खाणीतला. आडवं झालं की त्याचा श्वास कोंडायचा, म्हणून दोन वर्षं तो खुर्चीत बसून झोपत होता.

साध्या खासदाराला स्वतःचं बिल मांडायची संधी चिठ्ठ्या टाकून मिळायची. ह्यूसाहेबांची चिठ्ठी इतक्या वर्षांत एकदाच निघाली होती. ती त्यांनी भरपाईच्या बिलाला वापरली; अशी बिलं फक्त शुक्रवारी घेत, आणि त्याचा शेवटचा शुक्रवार जवळ येत होता. ते नसतील तर दुसरा कुणी उभा राहील, अशी आशा नव्हती. मालकांची ओरड नको म्हणून त्यांच्या स्वतःच्याच पक्षाला ते बिल अडचणीचं झालं होतं. तेव्हा म्हातारा जगला तर बिल जगणार, असा सगळा मामला होता. मिसेस प्रिचर्ड त्यासाठीच लंडनला बहिणीकडे येऊन राहिल्या होत्या आणि रोज सकाळी पेजेचा हिशेब विचारत होत्या.

हो, पेजेचा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सूप म्हाताऱ्याच्या पोटात ठरेना. कस्टर्ड नाही, दूध नाही. शेवटी मी एक दिवस स्वयंपाकिणीची मनधरणी करून चूल ताब्यात घेतली आणि आपली भाताची पेज केली, मऊसूत, वर जरासं मीठ आणि लोणी. म्हाताऱ्याने एक चमचा घेतला, माझ्याकडे संशयाने बघितलं आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. तेव्हापासून माझा भाव वधारला. इंग्रजीत तू-तुम्ही एकच. पण त्या दिवसापासून ते मला ‘तू’ म्हणताहेत असं माझ्या कानाला वाटायला लागलं.

भेटायला येणाऱ्यांत सर जेफ्री पण असायचे. हे लॉर्डसाहेबांच्या पक्षाचे प्रतोद. लालबुंद चेहरा, कायम द्राक्षांची करंडी. त्यांचं वागणं फार मऊ होतं.

“कसा आहेस, ऑब्री?” ते बिछान्याच्या पायथ्याशी उभे राहून विचारायचे.

“मरतोय.”

“छे छे. चांगला दिसतोस.”

“निराश होऊ नकोस, जेफ्री. वेळ लागेल, पण मरेन.”

सर जेफ्री मोठ्याने हसले. जाताना जिन्यात मला गाठून हळूच म्हणाले, “नर्स, डॉक्टरांचा काय अंदाज? हा आठवडा की पुढचा?”

मी बघतच राहिले.

“गैरसमज नको,” ते म्हणाले. “तयारी करावी लागते. फुलांचं चक्र वगैरे.”

फुलांच्या चक्राला आठवडा लागत नाही, एवढं मला मिरजेतही कळत होतं. गेल्या निवडणुकीत ह्यूसाहेब जेमतेम निवडून आले होते. म्हातारा गेला की पोटनिवडणूक, आणि ती जागा हुजूर पक्षाला आयती मिळण्यासारखी होती. वर त्या बिलाची कटकटही मिटणार होती.

मी वर गेले तर लॉर्डसाहेब हसत होते. हसलं की त्यांना फार दुखायचं.

“आयुष्यभर पक्षाचा एकही आदेश मी मोडला नाही,” ते म्हणाले. “हा पहिलाच.”

मला त्या माणसाचा राग येत नव्हता असं नाही. त्याच्याच खाणीतली धूळ होती ती. धुळीने कुणाला काही होत नाही, असा दाखला त्याच्याच पगारी डॉक्टरने वर्षानुवर्षं दिला होता. पण दुखणेकऱ्याचं अंग रोज पुसायला लागलं की राग फार दिवस टिकत नाही. त्यांच्या पाठीला हाडं टोचायची, तिथे मी पावडर लावायची तेव्हा ते लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटून घ्यायचे.

एकच गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नव्हती. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फियाची इंजेक्शनं लिहून दिली होती, मागेल तेव्हा. म्हातारा मागायचाच नाही. घामाने उशी भिजायची, बोटं चादरीत रुतायची, पण मी सिरिंज घेऊन पुढे आले की मान हलवायचे.

“नको.”

“मिलॉर्ड, हा हट्ट कशासाठी? बरं वाटेल तुम्हाला.”

“झोप येते त्याने. डोकं ताळ्यावर राहू दे माझं.”

“ताळ्यावर ठेवून काय करायचंय?”

“तुझ्याशी भांडायचंय,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, “आज वार कोणता?”

वार ते रोज विचारायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसांचा पत्ता लागत नाही, म्हणून विचारतात असं मला वाटायचं. मी वार सांगायची आणि सिरिंज परत झाकून ठेवायची. तो हट्ट बघून मला वाटे, श्रीमंतांचा ताठा मरतानासुद्धा सुटत नाही.

ह्यूसाहेब संध्याकाळी यायचे. उंच, जरा वाकलेले, कोटाची बटणं कायम चुकीची लावलेली. वडिलांना ते ‘सर’ म्हणायचे. आपल्याकडे शाळेच्या हेडमास्तरांना म्हणतात तसं. आले की हात धुवायचे, माझ्या हातातून वाटी घ्यायचे आणि खुर्ची बिछान्याजवळ ओढायचे. दिवसभरात जेमतेम अर्धी वाटी घेणारा म्हातारा त्यांच्या हातून चार चमचे जास्त खायचा. मी खिडकीपाशी टॉवेलांच्या घड्या घालत बसायची. दोघं फारसं बोलायचे नाहीत. चमचा वाटीला लागल्याचा आवाज, आणि मधूनच, “सर, अजून एक.”

त्या सोमवारी म्हाताऱ्याला फारच त्रास होत होता. वाटी निम्मी झाली आणि त्यांनी ओठ मिटले.

“सर, अजून एक घ्या.”

“हा कुणासाठी?”

“काय, सर?”

“हा चमचा. माझ्यासाठी, की खाणीसाठी?”

ह्यूसाहेबांचा हात तसाच हवेत राहिला. चमच्यातली पेज चादरीवर ठिबकायला लागली. मी पुढे होऊन पुसावं की नाही, मला कळेना.

“मला माहीत नाही, सर,” ते शेवटी म्हणाले.

“मलाही कधी कळलं नाही,” म्हातारा म्हणाला, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

ह्यूसाहेब खाली गेले. मी वाटी घेऊन मागोमाग उतरले तर ते जिन्याच्या पायरीवरच बसले होते. खासदार माणूस असा पायरीवर बसलेला बघून मी अवघडले.

“नर्स, तुमचे वडील आहेत?”

“नाहीत. मी इकडे यायला बोटीवर होते तेव्हा गेले.” पपांना शेवटचं पाणी माझ्या धाकट्या भावाने पाजलं होतं. मला तार मिळाली ती साउदम्प्टनला उतरल्यावर.

“मला वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण एक सांगू? ते जगावेत असं तुम्हाला का वाटायचं, हे तुम्हाला कुणी विचारलं नसेल.”

“असं कोण विचारेल?”

“मला विचारतात. विचारत नसले तरी मनात असतं. मी पहिल्यांदा निवडून आलो तेव्हापासून, यांना साधी सर्दी झाली तरी माझ्या पक्षाचे लोक फोन करतात. यांना खोकला आला की माझ्या पोटात गोळा येतो. पण तो गोळा कशाचा, ते मी स्वतःलाही सांगू शकत नाही. माझे वडील मरताहेत, आणि त्याचं नुसतं वाईट वाटून घ्यायचीसुद्धा मला सोय नाही.”

मी त्यांच्या हातात रुमाल दिला. त्यांनी तो डोळ्यांना न लावता नुसता चुरगळला.

मंगळवारी ते आलेच नाहीत. म्हाताऱ्याने दरवाजाकडे डोळे लावून संध्याकाळ काढली. माझ्या हातून पेज खाल्ली, तीही जबरदस्तीने, एकेक घोट औषधासारखा. मध्येच कळ आली की थांबायचे, घाम पुसून घ्यायचे आणि पुन्हा तोंड उघडायचे. भूक नसताना असं खाणारा रोगी मी पाहिला नव्हता.

बुधवारी ह्यूसाहेब दुपारीच आले. पार्लमेंट चालू असताना ते कधी यायचे नाहीत. कोटाची बटणं त्या दिवशी नीट लागलेली होती, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. ते उभेच राहिले.

“सर, मी जागा सोडली.”

म्हाताऱ्याने डोळे उघडले. “कसली?”

“कॉमन्समधली. आज सकाळी चिल्टर्न हंड्रेड्स मागितलं आणि मिळालं.”

मला यातलं काही समजलं नाही, ते नंतर समजलं. तिकडे खासदाराला राजीनामा देता येत नाही. फार जुना नियम आहे म्हणे. मग सुटायचं कसं, तर चिल्टर्न नावाच्या टेकड्यांत राणीची कुठलीशी जुनी जहागीर आहे, तिचा कारभारी म्हणून आपल्याला नेमा असा अर्ज करायचा. तिथे ना काम, ना पगार, ना कचेरी. पण राणीचा नोकर झालेला माणूस खासदार राहू शकत नाही, म्हणून जागा आपोआप जाते. इंग्रज माणूस सरळ दाराने बाहेर पडत नाही, हे मी पुष्कळ पाहिलं होतं, पण ही कमाल होती.

“का?” म्हाताऱ्याचा आवाज जेमतेम निघाला.

“तुम्ही विचारलंत म्हणून.” ह्यूसाहेब खुर्चीत बसले. “आता माझ्याकडे काही नाही, सर. तुम्ही आज गेलात काय, वर्षाने गेलात काय, माझं काही जायचं नाही. तुम्हाला ते इंजेक्शन घ्यायचं असेल तर घ्या. खायचं नसेल तर नका खाऊ. मी भरवीन तो चमचा तुमच्यासाठीच असेल. आता तुम्हालाही ते कळेल आणि मलाही.”

म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं.

“आज वार कोणता?”

“बुधवार, सर.”

“शुक्रवारी होतं ना तुझं बिल?”

“हो.”

“मी शुक्रवारपर्यंत थांबणार होतो रे.”

माझ्या हातातली टॉवेलची घडी सुटली. रोज विचारलेला वार, झाकून ठेवलेली सिरिंज, जबरदस्तीने गिळलेली पेज, सगळं माझ्या अंगावर एकदम आलं. डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, इंजेक्शनं भरपूर घेतलीत तर त्रास होणार नाही, पण गुंगीत खाणं सुटेल आणि थोड्या दिवसांत सगळं आटपेल. मी तिथेच उभी होते की! ताठा कसला, मनात आलं, आणि मला माझीच लाज वाटली.

“तुम्ही?” ह्यूसाहेब म्हणाले. “पण ती खाण तुमची आहे, सर.”

“कुणाची आहे ते मला माहीत आहे.”

“मला सांगायचं होतंत.”

“काय सांगणार? मीही कॉमन्समध्ये होतो. तुला ठाऊकच आहे.”

“थोडे दिवस होतात, एवढंच ठाऊक आहे.”

“बाप मरेपर्यंत होतो. त्याला मी असंच भरवलं. स्वतःच्या हाताने, नर्सला बाजूला सारून. जागेसाठीच भरवलं, ह्यू, दुसरं काही नव्हतं मनात. त्याला ते कळलं होतं. शेवटी शेवटी मला बघितलं की तो दात घट्ट मिटून घ्यायचा.” ते दमले, थांबले. “तू समोर बसलास की मला तेच दिसायचं. म्हणून विचारलं. आणि म्हटलं, जागेसाठी तर जागेसाठी, पोराचं काम तरी होऊ दे.”

ह्यूसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा मोठा माणूस, खांदे गदगदा हलत होते. इंग्रज बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडत नाहीत. म्हाताऱ्याने हात लांब केला, तो त्यांच्या बाहीपर्यंतच पोचला, आणि बाहीचं कापड दोन बोटांत धरून ते पडून राहिले.

“मागे घेता येईल?” म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही, सर.”

“मूर्ख आहेस,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “नर्स, आता दे ते.”

मी पूर्ण मात्रेचं इंजेक्शन दिलं. चेहऱ्यावरच्या एकेक आठ्या उलगडत गेल्या तशा मी बघत होते. आता झोपतील म्हणून पडदा ओढायला गेले, तर मागून आवाज आला, “पेज आहे का?”

त्या दिवशी त्यांनी अख्खी वाटी संपवली. दुखणं थांबलं आणि पोटाला भूक कळली. गुरुवारी सकाळी पुन्हा मागितली. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि अंदाज चुकल्यासारखे मिशीला हात लावत राहिले.

पुढे काय झालं ते वर्तमानपत्रांत आलंच. पोटनिवडणुकीत ब्रिनदूची जागा हुजूर पक्षाकडे गेली. ह्यूसाहेब नंतर लॉर्ड हॅल्सडेल झाले आणि उमरावांच्या सभागृहात मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथे त्यांनी धुळीवर भाषणं केली, लोकांनी ती शांतपणे ऐकून घेतली. माझ्या मनात मात्र तो शुक्रवार आहे, त्याच्या अलीकडचंही नाही आणि पलीकडचंही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. मी दार उघडलं. मिसेस प्रिचर्ड उभ्या होत्या. आज त्यांनी पेजेचं विचारलं नाही.

“वर आहेत?”

“आहेत, पण—”

त्या मला बाजूला सारून जिना चढायला लागल्या. मी धावत मागे गेले. दार उघडंच होतं. लॉर्डसाहेब उशांना टेकून बसले होते. ह्यूसाहेबांच्या हातात वाटी होती.

“जिवंत आहेत,” मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. जोरात नाही, मोजून बघितल्यासारखं.

ह्यूसाहेब उभे राहिले.

“मी पार्लमेंटात वर गॅलरीत बसले होते,” त्या म्हणाल्या. “तुमचं बिल पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यांनी पुढचं पुकारलं. एवढाच वेळ लागला.”

“मिसेस प्रिचर्ड, मी तुम्हाला पत्र—”

“मिळालं पत्र. सगळं समजलं त्यातलं. मी काही दगड नाही.” त्यांचा श्वास जिन्याने चढला होता. “आता मला एकच सांगा. तुमचं प्रेम तुमच्या वडिलांना कळावं म्हणून माझ्या ओवेनने मरेपर्यंत खुर्चीत बसून झोपायचं?”

“तुमचं बरोबर आहे,” ह्यूसाहेब म्हणाले.

“ते मला माहीत आहे.”

“मला दुसरी वाट दिसली नाही.”

“आम्ही होतो ना वाटेवर. सगळं ब्रिनदू उभं होतं. आम्ही नाही दिसलो?”

मी दाराशी उभी होते. पाय निघत नव्हता, थांबवतही नव्हतं. वाटत होतं, कुणीतरी ओरडावं, काहीतरी फोडावं. मिसेस प्रिचर्डनी माझ्या डोळ्यांदेखत ती वाटी भिंतीवर फेकून मारली असती तर मी अडवलं नसतं.

लॉर्डसाहेब इंजेक्शनच्या गुंगीत होते. त्यांना किती ऐकू आलं, मला सांगता येणार नाही. त्यांनी डोळे किलकिले करून मुलाकडे बघितलं.

“ह्यू,” ते म्हणाले, “गार होतेय.”

ह्यूसाहेब वाटी धरून तसेच उभे. धड बसवेना, धड वाटी ठेववेना. म्हाताऱ्याने तोंड उघडून ठेवलं होतं.

मिसेस प्रिचर्डनी त्या उघड्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यात माया कणभरही नव्हती.

“बसा,” त्या म्हणाल्या. “भरवा त्यांना. नीट भरवा, एक थेंब सांडू नका. आम्हाला फार महागात पडलीय ही पेज.”

ह्यूसाहेब बसले. आणि वाटी संपेपर्यंत मिसेस प्रिचर्ड दारातून हलल्या नाहीत.